व्हिसा अर्ज व नकारानंतरचे अपील (नाशिक परिसर)

परक्या देशात ठरावीक काळ राहण्यासाठी त्या देशाकडून घ्यावी लागणारी परवानगी म्हणजे व्हिसा. भारतीय पासपोर्टची पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, पण तिच्यावर परदेशी व्हिसा उमटवण्यासाठी नाशिककराला बहुधा मुंबई गाठावी लागते. बोटांचे ठसे देताना अर्जदार स्वतः हजर लागतो. सकाळी लवकरची वेळ मिळाली, तर आदल्या रात्री मुक्कामालाच जाणे बरे.

मुलांकडे निघालेले आईवडील, विद्यार्थी, पर्यटक यांच्याबरोबर निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदारही अर्जदारांत असतात. त्यांची द्राक्षे नेदरलँड्समार्गे युरोपभर जातात आणि फेब्रुवारीत बर्लिनला फळांचे मोठे प्रदर्शन भरते. त्यासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो.

बागायतदाराची खरी अडचण कागदांत असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्रात करपात्र रक्कम नगण्य दिसते, आणि माल गेल्यावर खात्यात एकदम मोठी रक्कम जमा होते. अधिकाऱ्याला ती उसनी आणून दाखवलेली वाटू शकते. म्हणून सातबारा, ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), निर्यातदाराची बिले आणि निर्यातीसाठी केलेली बागेची नोंदणी इंग्रजी भाषांतरासह जोडावी. एप्रिलमधील खरड छाटणीसाठी (हंगामानंतरची द्राक्षवेलींची छाटणी) घरी परतणे भाग आहे, हे पत्रात साध्या शब्दांत लिहावे. एजंटच्या साच्यातील पत्रापेक्षा ते कितीतरी वजनदार ठरते.

शेंगेन नकारासोबत छापील नमुना मिळतो. त्यात कारणापुढे खूण असते : प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही, पैसे अपुरे आहेत, मुदतीत परत जाल याबद्दल शंका आहे, वगैरे. अपिलात त्या खुणेलाच उत्तर द्यायचे असते. पैशांबद्दल शंका असताना प्रदर्शनाचे निमंत्रण पुन्हा जोडून काही साधत नाही.

नकार देणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार अपील करण्याचा हक्क शेंगेन नियमांनी दिला आहे, पण वाट देशागणिक वेगळी. जर्मनीने वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावावा लागतो. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला सहसा अपील नाही, फक्त न्यायालयीन पुनर्विलोकन आहे, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का एवढेच न्यायालय तपासते. अमेरिकेत २१४(ब) कलमाखालील, म्हणजे मायदेशी परतण्याची खात्री न पटल्याने आलेल्या, नकारावरही अपील चालत नाही. कॅनडाच्या बाबतीत तिथल्या फेडरल कोर्टात ६० दिवसांत जाता येते, पण खर्च मोठा. त्यामुळे उणीव भरून नवा अर्ज करणेच बहुतेकांना परवडते. त्या अर्जात आधीचा नकार विचारला असेल, तर तो लपवू नये. ब्रिटनमध्ये अर्जातील फसवणूक उघड झाल्यास दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो.