लाईन आली, नाव हरवलं: लिनक्सवरच्या नावशोधाची पार्श्वभूमी

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत शाळांच्या लॅबमध्ये पावसाळ्यात एक अडचण वारंवार येते. लाईन गेली आणि परत आली की राउटर लगेच उभा राहतो, सर्व्हर मात्र डिस्क तपासत मागून येतो. त्यानंतर मुलांच्या मशीनवरून सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, पिंग होतो (हाक मारली की उत्तर येतं), बाहेरच्या वेबसाइट उघडतात, पण सर्व्हरचं नाव काही केल्या सापडत नाही.

कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे पूर्वी एकाच फाइलीत असे आणि ती फाइल सगळे एका ठिकाणाहून उतरवून घेत. मशीन वाढली तसं ते झेपेना. १९८३ मध्ये डीएनएसचा, म्हणजे नावाचा पत्ता सर्व्हरला विचारून शोधण्याच्या पद्धतीचा, आराखडा आला, १९८७ मध्ये तो सुधारला गेला. फाइल मात्र होस्ट्स या नावानं लिनक्सवर अजून आहे. आधी ती पाहायची की डीएनएसला विचारायचं, हे एनएसस्विच नावाची सेटिंगची फाइल ठरवते. डिग ही कमांड ते काहीच न पाहता थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. ब्राउझरसारख्या प्रोग्रॅमला काय उत्तर मिळेल याचा अंदाज घ्यायचा तर गेटएन्ट होस्ट्स ही कमांड चालवावी.

खरा वाद सिस्टमडी-रिझॉल्व्हडी या मशीनवरच नावं शोधून देणाऱ्या नव्या सेवेचा. उबुंटू १८.०४ या लिनक्समध्ये रिझॉल्व्ह.कॉन्फ, म्हणजे नावं कोणाला विचारायची ते सांगणारी फाइल, उघडली की १२७.०.०.५३ हा एकच, म्हणजे याच सेवेचा, पत्ता दिसतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं २०२० मध्ये हीच वाट धरली. जुनी पद्धत क्रम पाळायची. पहिला सर्व्हर लॅबचा आणि दुसरा ८.८.८.८ हा गुगलचा असेल, तर प्रत्येक वेळी आधी पहिल्यालाच विचारणार, ५ सेकंद थांबणार, मग दुसऱ्याकडे जाणार. काम हळू व्हायचं, पण लॅबचा सर्व्हर उठला की नाव आपोआप सापडायचं. नव्या सेवेच्या लेखी यादीतले सगळे सर्व्हर सारखेच. एकाचं उत्तर आलं नाही की ती दुसऱ्याकडे वळते आणि तिथेच राहते. ८.८.८.८ ला लॅबचं नाव ठाऊक नाही. ‘असं नावच नाही’ हे त्याचं उत्तर ती अंतिम मानते.

दोन्ही सर्व्हरना सारखीच नावं ठाऊक हवीत, हा नव्या बाजूचा मुद्दा नियमाला धरून आहे. पण दिवसातून अनेकदा लाईन जाणाऱ्या गावात जुना क्रमच जास्त उपयोगी होता, हे स्पष्ट म्हणायला हवं.

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस ही कमांड चालवली की ‘करंट डीएनएस सर्व्हर’ या ओळीत मशीन सध्या कोणाला विचारतंय ते कळतं. कॅशे, म्हणजे साठवलेली जुनी उत्तरं, पुसून भागत नाही. सुडो लावून (अॅडमिनच्या अधिकारानं) सिस्टमडी-रिझॉल्व्हडी रीस्टार्ट केली की ती पुन्हा यादीच्या सुरुवातीपासून विचारते. कायमचा इलाज म्हणजे डीएचसीपीमध्ये, म्हणजे मशीनना नेटवर्कची माहिती आपोआप देणाऱ्या सेवेत, फक्त लॅबचा सर्व्हर द्यायचा आणि बाहेरची नावं त्यालाच पुढे विचारायला लावायची. मात्र मग तो बंद पडला की बाहेरच्या वेबसाइटही उघडत नाहीत, म्हणून राउटरच्या आधी इन्व्हर्टरची जोडणी त्याला द्यावी लागते.