पाटीवर समाजाचं नाव आहे म्हणून दवाखान्याच्या दारातून परतू नका

"अमुक समाजाचं हॉस्पिटल आहे, बाकीच्यांना तिथे सवलत मिळत नाही", असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे.

हा समज हवेतून आलेला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी इस्पितळात नेतील, सोवळंओवळं मोडेल, माणूस परत येणार नाही, अशी भीती घरोघरी होती. म्हणून अनेक जातीजमातींनी स्वतःची प्लेग इस्पितळं उघडली. शिवाय काही जुन्या ट्रस्टकडे आजही फक्त समाजबांधवांसाठी दिलेले वेगळे देणगीनिधी असतात. निरोपात गल्लत होते ती इथेच.

देणगीनिधीचे नियम दात्याचे असतात, पण गरिबांसाठीच्या खाटांचे नियम कायद्याचे. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना २००६ पासून उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना लागू आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. निकष उत्पन्नाचा, जात किंवा धर्म त्यात येतच नाही. जिवावर बेतलेलं असेल तर रुग्णाला आधी दाखल करून घ्यावं लागतं.

खात्री करायची तर रुग्णालयाच्या नावात 'धर्मादाय' आहे का पाहा, किंवा धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरची यादी तपासा. मग बिलिंगच्या खिडकीवर वेळ न घालवता थेट रुग्णालयातल्याच समाजसेवा अधिकाऱ्यांना गाठा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जवळ ठेवा, आणि "निर्धन कोट्यातली खाट रिकामी आहे का?" असं स्पष्ट विचारा.