संशय वेगळा, चिकित्सा वेगळी

जुलैत एखाद्या सकाळी मथळा येतोच : 'तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला'. आमच्या लोकलमधले एक काका पेपरची घडी घालत म्हणतात, "काही खरं नसतं हो यांचं, सगळे विकले गेलेत." आजूबाजूच्या चार माना डोलतात. हेच चिकित्सक वाचन, असा आपला समज असतो. मला तो नुसता संशय वाटतो.

कारण बातमी खरीच असते. तुळशी भरलेलाच असतो. प्रश्न पुढचा आहे. मुंबईला पाणी देणारे तलाव सात : भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. सगळ्यांची मिळून साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यात तुळशीचा वाटा आठ हजारांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त. पालिका शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी देते. काठोकाठ भरलेला तुळशी दोन दिवसांत संपला! एकट्या भातशात मात्र एकूण साठ्याच्या जवळपास निम्मं पाणी मावतं. तेव्हा पाणीकपातीचा अंदाज बांधायचा तर आधी भातशाचा आकडा बघायचा. तो बहुतेकदा त्याच बातमीत खाली, चौथ्या-पाचव्या परिच्छेदात असतो. काकांनी घडी घातली ती त्याच्या आधी.

२६ जुलै २००५ चंही तसंच. 'मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर' हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो सांताक्रूझच्या वेधशाळेतला. त्याच २४ तासांत कुलाब्याला पाऊस झाला ७३ मिलिमीटर. त्या दिवशी कुलाब्यात खिडकीशी बसलेल्या संशयी माणसाला ९४४ हा आकडा फुगवलेलाच वाटला असता, आणि डोळ्यांदेखतचा पुरावाही त्याच्याकडे होता. पर्जन्यमापक कुठला, एवढं विचारलं असतं की भागलं असतं.

आता संशयाची बाजूही घ्यायला हवी, कारण तो काही हवेतून आलेला नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या 'बातम्यां'चा प्रकार गाजला, आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर अहवाल काढला. काकांचं म्हणणं खरं ठरलं म्हणायचं. पण ते उघडकीला कसं आलं? पत्रकार पी. साईनाथ यांनी एकमेकांशी स्पर्धा असलेल्या मराठी दैनिकांतला मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवला. नेत्याचं तेच कौतुक, शब्दाला शब्द तोच. ते पकडायला पेपर वाचावे लागले, तेही एकाहून जास्त. 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्याला सगळे खरोखर सारखे कधी झाले, हे कळायचं कसं?

शिवाय संशय सोयीचा असतो. पेपरवर अजिबात विश्वास नसलेले काका सोसायटीच्या ग्रुपवर आलेला, ना नाव ना गाव असलेला मजकूर डोळे मिटून पुढे ढकलतात.

चिकित्सेला फार विद्वत्ता लागते असंही नाही. बातमीतलं क्रियापद बघायचं, ही माझी जुनी खोड. 'सांगितले' असेल तर कुणी सांगितलं ते नाव शोधायचं. 'असे समजते' असेल तर कुणाकडून समजलं, हे वार्ताहराने झाकून ठेवलंय. कधी झाकायला रास्त कारण असतं. नाव छापलं तर माहिती देणाऱ्याची नोकरी जाईल. म्हणून अशी बातमी मी फेकत नाही, दोन दिवस बाजूला ठेवते. दुसऱ्या कुणी नावानिशी तेच छापलं तर ठीक. 'दावा केला' दिसलं की समोरच्या बाजूला विचारलंय का, ते पाहते.

हे सगळं रोज, प्रत्येक बातमीला करत नाही. दादरपर्यंत बसायला जागा नसते, एका हाताने पेपर धरायचा, तिथे कसली चिकित्सा! सिनेमाचं पान मी काकांसारखंच वाचते. पाण्याचं, घरांचं आणि औषधांचं मात्र घरी नेऊन, पेन घेऊन.