नाशिकची लाल शिराझ: बाटली उघडण्याआधी

शिराझ ही लाल वाइनच्या द्राक्षाची जात, मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली. तिकडे तिला सिरा म्हणतात. युरोपात द्राक्ष पिकते ते उन्हाळा सरून थंडी जवळ येताना. नाशिकमध्ये नेमके उलटे, थंडी सरून उन्हाळा जवळ येताना, आणि आमच्या वाइनचा स्वभाव बराचसा त्यातूनच घडतो.

इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणीची घाई केली तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. उशीर केला तर माल मार्चच्या उन्हात सापडतो. सुमारे ६०० मीटर उंचीमुळे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड असतात, तोवर मण्यांत आम्ल टिकते. फेब्रुवारी तापला की साखर चढते, आम्ल झपाट्याने उतरते; साल आणि बी मात्र आपल्या गतीने पिकतात. म्हणून साधारण २३ ते २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) तोडणी करायची, तीही बी चावून पाहून. बी हिरवी असेल तर वाइन कडवट तुरट होते. फार थांबलो तर मुरंब्यासारखी गोड चव, घशात जळजळ आणि बेचव शेवट. हंगामात अवकाळी झाला तर मणी तडकतात, मग असे घड निवडून बाजूला काढण्याला पर्याय नाही.

रंग गरातून येत नाही, सालीतून येतो. त्यामुळे रस सालींसकट २५ ते २८ अंशांवर आंबवतात. साली वर येऊन जाड थर धरतात. तो वाळला की त्यावर व्हिनेगर करणारे जिवाणू वाढतात, म्हणून खालचा रस दिवसातून दोन-तीनदा वरून सोडतात. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो. या हिशेबाने शिराझ १३ ते १४ टक्क्यांवर येते.

ग्लासात जांभळाचा, आलुबुखाराचा आणि मिरीचा वास येईल. मिरी कोणी घातलेली नाही. काळ्या मिरीतला रोटंडोन हाच घटक शिराझच्या सालीतही असतो. उष्ण वर्षी तो कमी, थंड वर्षी जास्त.

ही वाइन १६ ते १८ अंशांवर प्यावी. ‘लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी ठीक आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये तीच वाइन नुसती मद्यार्काची लागते. तास-दीड तास फ्रिजमध्ये, किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. जितकी जुनी तितकी चांगली, हेही इथे लागू नाही: आम्ल बेताचे असल्याने तोडणीपासून दोन ते चार वर्षांत संपवा. बाटली स्वयंपाकघरात किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

झणझणीत रश्श्यासोबत शिराझ घेऊ नका, तिखट आणखी भडकते. सुके मटण, कबाब किंवा दाण्याच्या कुटातली भरली वांगी तिला छान जमतात.

तळाशी चमकदार खडे दिसले तर ती काच नव्हे, टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, हळू ओता. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष. ती बाटली न संपवता परत आणा, बदलून देऊ.