‘ऑनर्स विथ रिसर्च’, अर्थशास्त्र: ७५ टक्के असूनही अर्ज कुठे अडतो

नाशिकमध्ये अर्थशास्त्रात पदवी करताना प्राध्यापकांबरोबर संशोधन करायचं असेल, तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हा चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. पात्रता बहुतेकांना पाठ असते: पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के. एकूण किमान १६० क्रेडिट, त्यातले १२ संशोधन प्रकल्पाचे, आणि प्रकल्प मेजर म्हणजे मुख्य विषयातलाच.

गुण असूनही अर्ज परत येतो तो गाईडमुळे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) सूचनांनुसार विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त गाईड असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. तासिका तत्त्वावरचे सर कितीही जीव तोडून शिकवत असले, तरी ते या दोघांत धरले जात नाहीत. कायम जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत आणि दार बंद व्हायचं ते विद्यार्थ्याचं, हा सरळ अन्याय आहे. म्हणून आपल्या विभागाला हा पर्याय मिळालाय का, हे पाचव्या सत्रातच विचारा. सहाव्याचा निकाल हातात आल्यावर धावपळ करून काही होत नाही.

गाईडचं संमतीपत्र लेखी घ्या. ‘हो, करू आपण’ एवढ्यावर थांबू नका. सरांकडे जाताना एक पान लिहून न्या. ‘कांद्याच्या भावाचा अभ्यास’ एवढ्यावर कोणी सही करत नाही. ‘लासलगावात आवक वाढल्यावर सर्वसाधारण दर किती दिवसांत उतरतो’ असं विचारलंत, तर पुढचं बोलणं सुरू होतं.

गुणपत्रिका, बोनाफाईड, ओळखपत्र नेहमीप्रमाणे. एबीसी आयडी, म्हणजे तुमची क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, मात्र आधी तपासा. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल, तर क्रेडिट जमा होताना अडकतात आणि दुरुस्तीला वेळ जातो.

आता प्रकल्पासाठीचे आकडे. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. लाल आणि उन्हाळी कांद्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा. दोन्ही एकत्र केलेत की हंगाम बदलल्याचा फरक तुम्हाला भाव पडल्यासारखा दिसेल आणि अख्खं विश्लेषण फसेल.

तिथे नसलेली माहिती माहिती अधिकारात मागा. अर्ज स्वतःच्या नावाने करा, विभागाच्या नाही. हा हक्क नागरिकाला आहे. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि नेमके इथेच अर्ज फेटाळले जातात. आवक, बाजार फी आणि व्यापारी परवाने एकाच अर्जात मागू नका, तीन अर्ज करा. कारण देण्याची गरज नाही. ‘भाव का पडले?’ असंही विचारू नका. कार्यालयात नोंद असेल तेवढंच मिळतं. उत्तराची मुदत ३० दिवस. ती टळली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. म्हणजे दोन-अडीच महिने यातच जातात, तेव्हा पहिला अर्ज सातवं सत्र सुरू होण्याआधीच टाका.