पिकअपचं अ‍ॅव्हरेज आणि ऐंशीचं लॉक : पार्श्वभूमी

रावेर-सावद्याची केळी, नंदुरबारची मिरची, जळगावच्या ठिबकच्या नळ्या असा माल पिकअपमध्ये भरून सुरत, इंदूर, नाशिककडे निघतो. आग्रा रोड आणि सुरत–नागपूर महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे यातल्या बऱ्याच गाड्या धुळ्यावरून जातात. या गाड्यांबद्दल दोन तक्रारी नेहमी जोडीनं येतात. कागदावरचं अ‍ॅव्हरेज रस्त्यावर मिळत नाही, ही पहिली. गाडीला ताशी ८० किमीच्या वर जाऊ न देणाऱ्या ‘ऐंशीच्या लॉक’मुळे ते आणखी पडतं, ही दुसरी. पहिली खरी आहे. दुसरी कुठून आली, ते पाहायला हवं.

मेटॅडोर आणि १९८६ साली आलेल्या टाटा चारशे सातच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. रस्ते दुपदरी होते, भरलेली गाडी साठीच्या वर क्वचित जायची आणि डिझेलचा भाव सरकार ठरवायचं. जानेवारी २०१३ पासून दरमहा ५० पैशांच्या टप्प्यांनी भाव चढू लागला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल पूर्णपणे नियंत्रणमुक्त झालं आणि जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. याच सुमारास महामार्गांचं चौपदरीकरण होत गेलं. एकीकडे डिझेल महाग होत गेलं, दुसरीकडे रस्ता मोकळा झाला. अ‍ॅव्हरेजचा वाद खरा पेटला तो इथून.

कागदावरचा आकडा गाडी जागेवरच रोलरवर चालवून घेतलेल्या चाचणीतून येतो. आपल्याकडच्या चाचणीत कमाल वेग ताशी ९० किमी आहे, पण तो काही क्षणांपुरताच. पूर्ण चाचणीचा सरासरी वेग तिशीच्या आसपास राहतो. गाडी पूर्ण भरलेली धरत नाहीत. कोंडाईबारीचा घाट, समोरचा वारा, ताडपत्रीचा फुगा यांतलं काहीच चाचणीत येत नाही. शिवाय एप्रिल २०१७ पासून लागू झालेली इंधनखपतीची मानकं प्रवासी गाड्यांसाठी होती; मालवाहू पिकअप त्यांत धरलीच नव्हती. त्यामुळे पिकअपचा प्रामाणिक आकडा मालकालाच काढावा लागला.

आता लॉक. १५ एप्रिल २०१५ च्या अधिसूचनेनं १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या व्यावसायिक गाड्यांना वेगनियंत्रक, म्हणजेच हे लॉक, सक्तीचा केला आणि मर्यादा ठेवली ताशी ८० किमी. टँकर, डंपर, स्कूलबस यांना ६०. दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्या वगळल्या, तशाच चालक सोडून आठ आसनांपर्यंतच्या लहान प्रवासी गाड्याही. साडेतीन टनांच्या आतली मालवाहू पिकअप मात्र सुटली नाही. म्हणून त्याच रस्त्यावर पांढऱ्या पाटीची, प्रवासी वर्गातली डबल-कॅब (मागे आसनांची दुसरी रांग असलेली) पिकअप बिनलॉकची पळते आणि पिवळ्या पाटीची पिकअप ८० ला अडते. चालकांचा राग समजण्यासारखा आहे. शेजारून ट्रक काढताना ७८ वर असलेली गाडी अचानक ताकद सोडते तेव्हा जीव टांगणीला लागतो, आणि ही अडचण नियम करणाऱ्यांनी पुरेशी ऐकली नाही.

नियमात आणखी एक गाठ आहे. एप्रिल २०१८ च्या वेगमर्यादांनुसार मालवाहू गाडीला दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर ८० ची मुभा आहे, पण इतर रस्त्यांवर ६० चीच. म्हणजे शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा असा जाणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता जिथे दुपदरी आहे, तिथे कायद्यानं ६० आणि लॉक ८० वर. लॉकला रस्ता कळत नाही. परिणाम असा झाला, की कमाल मर्यादा म्हणून आलेला ८० हा आकडाच रोजचा वेग बनला. चालक पेडल तळाला दाबून ठेवतो, गाडी लॉकला टेकते आणि तासन्‌तास तशीच चालते. अ‍ॅव्हरेज पडतं ते या सवयीनं.

हिशेब मांडून पाहा. तीन टन वजनाची, ताडपत्री बांधलेली उंच गाडी धरली, तर सपाट रस्त्यावर चाकांचा रोध साधारण ३० किलोच्या ओढीइतका असतो आणि वेगानं फारसा बदलत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो : ६० ला साधारण ३०, ८० ला ५५, १०० ला ८५ किलो. म्हणजे एकूण ओढ ६०, ८५ आणि ११५. साठवरून ऐंशीवर गेलात की दर किलोमीटरला ४० टक्के जास्त ओढ. जास्त भारावर इंजिन थोडं कार्यक्षम चालतं, म्हणून डिझेल नेमकं तितकं वाढत नाही, पण वाढतं ठळक. आणि मिळतं काय? धुळे ते जळगाव सुमारे ९० किलोमीटर. ६० नं दीड तास, ८० नं एक तास आठ मिनिटं. वाचली २२ मिनिटं, तीही वाटेत कुठे थांबावं लागलं नाही तर. लॉक काढून १०० नं पळवली तर अ‍ॅव्हरेज सुधारेल, हे गॅरेजमधलं बोलणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

गोंधळात भर घातली ‘गव्हर्नर’ या शब्दानं. जुन्या डिझेल पंपाच्या आत एक गव्हर्नर असतो. तो इंजिनाच्या फेऱ्या आवरतो, गाडीच्या वेगाशी त्याचा थेट संबंध नाही. २०१५ नंतरचा गव्हर्नर, म्हणजे लॉक, गिअरबॉक्सवरच्या सेन्सरवरून वेग ओळखतो. पासिंगच्या वेळी जुन्या गाड्यांना जे नियंत्रक बसवले गेले, त्यांतले बरेच डिझेलच्या नळीत झडप घालणारे होते. ते बसवल्यावर गाडी झटके देऊ लागली, तर आधी झडपेच्या दोन्ही बाजूंचे वॉशर पाहावेत. तिथून हवा ओढली की सकाळी गाडी उचलत नाही. पण अनेकदा दोष नळीत असताना हात पंपाकडे गेला. सील तोडून पंपाचा स्क्रू फिरवला, डिझेल जास्त सुटलं, धूर काळा झाला, अ‍ॅव्हरेज आणखी घसरलं आणि बोल लागला लॉकला.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या मानकांच्या) गाड्यांत लॉक इंजिनाच्या संगणकातच आहे आणि धुराच्या नळीत काजळी अडवणारी डीपीएफ जाळी आहे. ही जाळी भरली की गाडी जादा डिझेल सोडून ती तापवते आणि काजळी जाळते; तेवढा वेळ अ‍ॅव्हरेज पडणारच. शेत ते मालधक्का अशा पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत जाळी पुरती तापत नाही आणि दिवा लागतो. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं सलग चालवावी, मधे बंद करू नये. दर वेळी मधेच बंद केली, तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसते.

टायर बदललेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काढताना आणखी एक फेर येतो. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०३ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३३. मोठा टायर चढवला की मीटर ४ टक्के कमी दाखवतो : मीटरवर १०० किलोमीटर, प्रत्यक्षात १०४, आणि ८० ला लागणारं लॉक खरं तर ८३ ला लागतं. म्हणून आधी मीटर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी पन्नास किलोमीटर ताडून घ्यावा. मग एकाच पंपावर, एकाच नोजलनं, नोजल पहिल्यांदा आपोआप बंद होताच थांबून टाकी भरावी, किमान ३०० किलोमीटर चालवावी आणि तिथेच तशीच पुन्हा भरावी. जाताना भरलेली आणि येताना रिकामी अशी फेरी असेल, तर दोन्हींचं अ‍ॅव्हरेज वेगळं लिहावं. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी.