सोबरांव आणि गुजरात: शीख-इंग्रज युद्धांतल्या दोन निर्णायक लढाया

शिखांचं राज्य कुठल्या लढाईनं गेलं, असं विचारलं की कुणी सोबरांव सांगतं, कुणी गुजरात. गोंधळ साहजिक आहे. दोन्ही लढाया फेब्रुवारीतल्या, दोन्हींत इंग्रजांचा सेनापती सर ह्यू गफ, आणि शिखांकडचं मोठं नाव दोन्ही वेळा अटारीवाला. सोबरांवचे शामसिंग, गुजरातचे शेरसिंग. (हे गुजरात म्हणजे आपल्या शेजारचं राज्य नव्हे, चिनाबजवळचं, आज पाकिस्तानात असलेलं शहर.) माझ्या मते लाहोरच्या, म्हणजे शीख राज्याच्या, फौजेचा कणा सोबरांवला मोडला, राज्य बुडालं ते गुजरातनंतर.

सोबरांवची लढाई १० फेब्रुवारी १८४६ ची, पहिल्या युद्धातली शेवटची. सतलजच्या डाव्या काठावर शिखांनी मातीचे भक्कम मोर्चे बांधले होते. पाठीशी नदी, तीही पावसानं फुगलेली, आणि परतायला होड्यांचा एकच पूल. इंग्रजांचे सुरुवातीचे हल्ले त्यांनी परतवूनही लावले. पण सरसेनापती तेजसिंग लढाई सोडून पूल ओलांडून गेला. पुढे पूल तुटला, आणि हजारो माणसं काठावर कापली गेली किंवा पाण्यात बुडाली. वयोवृद्ध शामसिंग पांढरे कपडे घालून, हरलो तर परतायचं नाही अशी शपथ घेऊन उतरले होते. ते तिथेच पडले. या फौजेला तिच्याच म्होरक्यांनी बुडवलं, हे मला आजही सलतं. मार्चमधल्या लाहोरच्या तहानं जालंदर दोआब (सतलज आणि बियास नद्यांमधला मुलूख) गेला, दीड कोटी रुपयांचा दंड बसला. बाल महाराजा दुलीपसिंग मात्र गादीवर राहिला.

गुजरातची लढाई दुसऱ्या युद्धातली, २१ फेब्रुवारी १८४९ ची. तिचा निकाल तोफांनी लावला. जानेवारीत चिलियांवालाला गफनं पायदळ थेट झाडीत घुसवलं होतं आणि त्याचे दोन हजारांहून जास्त लोक मेले वा जखमी झाले होते. या वेळी मुलतान पडल्यावर तिथं वेढा घालून बसलेली इंग्रजांची फौज येऊन मिळेपर्यंत तो थांबला. इंग्रजांच्या सुमारे १०० तोफांपुढे शिखांच्या ६० च्या आसपास. आधी काही तास तोफा धडाडल्या, मगच पायदळ पुढे सरकलं. इंग्रजांचे मृत शंभरच्या आत राहिले. मार्चमध्ये रावळपिंडीजवळ शेरसिंगांच्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली, आणि २९ मार्चला पंजाब कंपनीच्या मुलखात सामील झाला. कोहिनूरही त्याच करारानं गेला.